ठेवाबाईंची ओळ

ठेवाबाई ‘टाकणे’ हे क्रियापद वापरत नसत. भाजीत मीठ त्या घालत, पत्र पेटीत सोडत, अंथरूण पसरत, आणि उसासा आलाच तर गिळत. आता आपल्याकडे टाकल्यावाचून कुणाचा दिवस जातो? सडा टाकतात, चहा टाकतात, फोनमध्ये बॅलन्स टाकतात, लेकराला शाळेतसुद्धा टाकतात. बाईंच्या बोलण्यात हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं यायचं. कचेरीत कुणी “बाई, तेवढी फाइल टाका की” म्हणालं, की मान वर न करता उत्तर मिळे, “टाकत न्हाई. ठेवते.” त्यावरून पोरांनी त्यांना ठेवाबाई म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, “नाव का हुईना, ठेवलंच ना? टाकलं तर न्हाई!”

आमची कचेरी परभणीत, जिंतूर रोडला, बी-बियाण्याच्या एका दुकानाच्या माडीवर होती. मालक पुण्याहून परत आलेला इंजिनिअर. वयानं माझ्या पुतण्याएवढा, पण आम्ही सगळे त्याला सर म्हणत असू. हल्ली लोक फोनला किंवा संगणकाला तोंडी काम सांगतात आणि यंत्रातला एक मदतनीस ते परस्पर उरकतो. त्याला एजंट म्हणतात. या एजंटानं आपली फाइल उचलायची, क्लाउडवर, म्हणजे दूरच्या साठवणीत, नेऊन ठेवायची, तिचा दुवा, म्हणजे लिंक, आणून द्यायचा आणि नको असलेली मिटवायची, एवढं करणारं एक साधन सरांनी बनवलं होतं. त्याची माहितीपुस्तिका आम्हाला लिहायची होती. गंमत अशी, की ती वाचणार होता एजंट. माणसानं वाचायची नव्हतीच. गिऱ्हाईक आपल्याच भागातलं, मराठीत हुकूम सोडणारं; म्हणून पुस्तिकाही मराठीत. बाई लिहीत आणि मी तपासत असे. बाई पूर्वी एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवायच्या. मी बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. माझ्या हातात कात्री होती, आणि ती मला फार आवडायची.

बाईंचे भाऊ पोखर्णीला शेती करतात. बहीण एजंटासाठी पुस्तक लिहिते, हे कळल्यावर ते एकदा मुद्दाम माडी चढून आले. “कोणता एजंट म्हणायचा हा? विम्याचा, का आरटीओचा?” बाई म्हणाल्या, “ह्यो पैसे खात न्हाई रे.” भाऊ विचारात पडले. “मंग काम कसं करतो?” क्लाउड म्हणजे ढग, हे कुणीतरी त्यांना समजावलं, तेव्हा तर दोघं बहीणभाऊ पदराआड-उपरण्याआड हसत सुटले. “ढगात ठेवणार म्हणे,” बाई म्हणाल्या, “आन् आपल्या शिवारावर ढग कदी थांबलाय?”

त्यांची लिहायची रीत ऐकण्यासारखी होती. वाक्य लिहून झालं, की त्या खुर्चीतून उठत, पदर खोचत आणि म्हणत, “मी एजंट. सांगा.” मग आमच्यापैकी कुणीतरी ते वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि बाई शब्दाला शब्द धरून तसं करायच्या. पहिल्याच आठवड्यात सरांनी स्वतः लिहिलेलं वाक्य वाचून दाखवलं, “फाइल निवडा आणि टाका.” बाईंनी टेबलावर नजर फिरवली, सरांचा जेवणाचा डबा निवडला आणि नेऊन केराच्या टोपलीत सोडला.

“अहो बाई!”

“तुमीच म्हणले. निवडली आन् टाकली.”

“कुठे टाकायची ते कळतं की माणसाला!”

“माणसाला कळतंय हो. मी एजंट हाय.” मग डबा बाहेर काढून पुसता पुसता त्या म्हणाल्या, “माणूस अडला की लाजत का हुईना, इचारतो. ह्याला आपण अडलोय, हेच कळत न्हाई. म्हणून आपण आधीच अडून बगायचं.”

आणखी एक सवय सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. कुठलीही वस्तू ठेवली, की त्या तसं तोंडानं बोलत. “चावी खणात ठेवली.” “चष्मा खिडकीत ठेवला.” पोरं नक्कल करायची. एकदा दुपारी डबा खाताना मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, “आमची आई शेवटाला समदं इसरली. चूल इसरली, भावाचं नाव इसरली. एक दिवस मला म्हणाली, तुमी कोणाच्या, बाई? मी म्हणलं, तुमच्याच.” डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, “म्हणून आपलं बोलून ठेवते. मी इसरले तर भिंतीला तरी ठावं असावं.” हीच रीत त्यांनी पुस्तिकेत घातली. काम झालं, की एजंटानं गप्प बसायचं नाही. काय ठेवलं आणि कुठं ठेवलं, ते बोलून दाखवायचं. आमच्या साधनाचं जे काही कौतुक झालं, ते या एका गोष्टीसाठी झालं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. बाईंनाही नाही.

‘टाकणे’शी त्यांचं वैर का, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं आणि परत नेलं नाही. अशा बाईला आपल्याकडे एकच शब्द आहे. तो शब्द त्यांनी नात्यातल्या लग्नांमध्ये, शाळेच्या शिक्षकखोलीत, एसटीत मागच्या बाकावरून आयुष्यभर ऐकला होता. माझ्यापाशी त्यांनी तो एकदाच काढला. मी काहीतरी विनोद करत म्हणालो होतो, “बाई, भाषेत दोन्ही चालतं. फाइल टाका, फाइल ठेवा, अर्थ एकच.” त्या शांतपणे म्हणाल्या, “एक न्हाई, सायेब. मला टाकली तवा कुणी ‘ठेवली’ म्हणलं न्हाई.”

पुस्तिका तयार होत आली, तेव्हा त्यात एक ओळ होती. खरं तर चार वाक्यं, पण बाई तिला ओळच म्हणत. “कुणी ‘टाकून दे’ म्हणालं, तर थांबावं. आमच्याकडे ‘टाकून दे’ म्हणजे ‘वर चढवून मोकळा हो’ असंही असतं आणि ‘फेकून दे’ असंही. ‘ठेवू, की मिटवू?’ एवढं विचारावं. उत्तर येईपर्यंत कशाला हात लावू नये.” सबंध पुस्तिकेत एवढ्या एकाच जागी त्यांनी ते क्रियापद वापरलं होतं, तेही दुसऱ्याच्या तोंडचं म्हणून.

त्याच सुमारास सरांनी मला बोलावलं. एजंट प्रत्येक कामाआधी पुस्तिका अख्खी वाचतो, शब्द वाढले की वेळ वाढतो, खर्च वाढतो. जरा आटोपशीर करा. बाई त्या दिवशी जत्रेसाठी पोखर्णीला गेल्या होत्या. मी कात्री घेऊन बसलो. बरंच काही काढलं आणि ते योग्यच काढलं, आजही मला तसं वाटतं. मग त्या ओळीपाशी आलो. वाचली. मनात म्हणालो, यात बाईंचं घरचं आलंय. दुःख आहे, मान्य. पण माहितीपुस्तिकेत कशाला? जुन्या सवयीनं थोडं हसूही आलं. वार्ताहराची बातमी कापताना यायचं, तसलं. फाइल त्याच नावानं पुन्हा साठवली. माझ्या हातून ती ओळ टाकली गेली, असं मी आत्ता लिहिणार होतो. टाकली गेली नाही. मी टाकली.

बाई परत आल्या त्या पुढच्या प्रकरणाला लागल्या. मी त्यांना काही बोललो नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायची मला लाज वाटत होती. लाज वाटत होती, म्हणजे चूक कळत होती. पण माझं सगळं आयुष्य असंच गेलंय. कळतं, आणि मी गप्प बसतो.

काही महिन्यांनी वालूरचा एक फोटोवाला आला. आमचं जुनं गिऱ्हाईक. लग्नं आणि बारशी तो पोटासाठी काढायचा. आणि हौस म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना निळ्या कापडापुढे बसवून एकेकाचा फोटो काढून ठेवायचा. पैसे घेत नसे. कुणी वारलं, की घरचे त्याच्याकडे येत आणि भिंतीवरच्या हारासाठी तोच फोटो मोठा करून नेत. धनगरवाड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मातला एकमेव फोटो त्याच्यापाशी होता. हे सगळे त्यानं आमच्या साधनातून क्लाउडवर जमवत आणले होते. त्या दिवशी नव्यातले काही निवडून त्यानं एजंटाला तोंडी सांगितलं होतं, “हे वर घे. बाकीचे बी टाकून दे एकदाचे.”

एजंटानं निवडलेले वर घेतले. बाकीचे टाकून दिले. संगणकातले मिटवले आणि वरचे, आधी जमवलेलेही मिटवले. मग शिकवल्याप्रमाणे बोलूनही दाखवलं, “निवडलेले वर ठेवले. बाकीचे टाकून दिले.”

तो माणूस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. टोपी मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, “लोकं येतेत, आमचा म्हातारा गेला म्हणतेत, फोटो द्या. मी काय देऊ, सर?”

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “हे पुस्तिकेत कसं नाही?”

बाई चटकन म्हणाल्या, “हाय की. मी लिव्हलंय.” त्यांनी फाइल उघडली. वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. त्यांचं बोट पडद्यावर फिरत होतं, जसं शाळेत धड्यावर फिरत असेल. मग त्या माझ्याकडे वळल्या. “सायेब, तुमी वाचलं व्हतं ना? ‘ठेवू, की मिटवू’? मी लिव्हलं व्हतं ना?”

मी म्हणालो, “ध्यानात नाही माझ्या.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. संशय नव्हता त्या पाहण्यात. भीती होती, आणि ती माझी नव्हती, स्वतःची होती. मी तेव्हाच ओळखली. “तुमी कोणाच्या, बाई,” असं विचारणारी त्यांची आई त्या खोलीत येऊन उभी राहिली होती. मग बाई फोटोवाल्यापाशी गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “भाऊ, माझ्याकडून राहिलं. मनात लिव्हलं आन् कागदावर लिव्हलं, असं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी ती ओळ घालणं भाग होतं. बाई म्हणाल्या, “तुमीच लिहा. माझा आता भरवसा न्हाई.” मी लिहायला बसलो. वेगळं काही सुचेना. त्यांचीच चार वाक्यं मला तोंडपाठ होती, तीच लिहिली. ध्यानात नाही म्हणणाऱ्याच्या हातून एक कानाही इकडचा तिकडे झाला नाही. बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली. म्हणाल्या, “लय झाक लिव्हलं, सायेब. मला असंच सुचायला पायजे व्हतं.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “चहा घेता का?”

त्यानंतर बाई हळूहळू मिटत गेल्या. चावी खणात ठेवली, हे आधी एकदा म्हणायच्या, आता पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या, आणि तरी खण उघडून बघत. संध्याकाळी माडीला कुलूप लावून खाली उतरायच्या, रिक्षाच्या कोपऱ्यापर्यंत जायच्या, परत येऊन कुलूप ओढून पाहायच्या. पोरं आधी हसली, मग हसेनाशी झाली. ‘मी एजंट, सांगा’ बंद झालं. प्रत्येक वाक्य मला दाखवत, “हे मी कालच लिव्हलंय का हो?” शेवटी त्यांनी सरांना सांगितलं, माझ्यानं होत न्हाई. निरोपाला पेढे आणले होते. माझ्या हातात पेढा देताना म्हणाल्या, “तुमी लय सांभाळून घेतलंत.” तो पेढा मी खाल्ला. हेही लिहून ठेवतो.

त्या पोखर्णीला भावाकडे राहायला गेल्या. दोनेक वर्षं मी त्यांची चौकशीसुद्धा केली नाही. मग एक दिवस सर सहज म्हणाले, “आपल्या ठेवाबाईंना भावानं नांदेडला दाखवलं म्हणे. मेंदूचे फोटोबिटो काढले. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण त्यांचंच म्हणणं, की मी विसरत चाललेय. घरातल्या चाव्या भावजयीला देऊन टाकल्यात. दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी जात नाहीत.” सर पुढे दुसरं काही बोलू लागले. मला ऐकू आलं नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात काही टाकलं नव्हतं, तिनं स्वतःचं डोकं टाकून दिलं होतं, आणि ते धड होतं.

मी दुसऱ्याच दिवशी पोखर्णीला गेलो. उन्हं उतरली होती. देवळाकडून येणाऱ्या रस्त्यालाच त्यांच्या भावाचं घर. बाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. केस पुष्कळ पिकले होते. मला पाहून लगबगीनं उठल्या. “अगंबाई, सायेब! या, या. कामून एवढ्या उशिराचं?” मग घाबऱ्या होऊन आत पाहिलं. “मी तुमाला बोलिवलं व्हतं का? माझ्या ध्यानात न्हाई.”

“नव्हतं बोलावलं, बाई. मीच आलो.” मी बसलो. पाणी आलं, ते तसंच ठेवलं. मला प्रस्तावना जमत नाही. बातमीत ती आम्ही कापायचो. म्हणालो, “ती ओळ तुम्ही लिहिली होती. ‘ठेवू, की मिटवू.’ तुम्ही लिहिलीत, मी काढली. तुम्ही जत्रेला गेला होता त्या दिवशी. नंतर ‘ध्यानात नाही’ म्हणालो, ते खोटं बोललो.”

त्यांच्या हातातली तूर सुपात परत पडली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. पण त्यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. “म्हंजे म्या लिव्हलं व्हतं?”

“हो.”

“कागदावर? मनात न्हाई?”

“कागदावर. अक्षर न अक्षर.”

त्या आत वळून ओरडल्या, “ए पोरी! अगं, मी इसरले न्हवते! लिव्हलं व्हतं म्या!” भावजय पीठाच्या हातानं दारात आली, तिला काही कळलं नाही. बाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि तिला सांगत होत्या, “हे सायेब सांगायलेत बग, लिव्हलं व्हतं म्हणून!” जणू मी काही शुभवर्तमान घेऊन आलो होतो. मला वाटलं, हे एवढ्यावरच संपावं. मी असाच माणूस आहे, अजूनही वाटलं.

मग त्या हळूहळू शांत झाल्या. सूप बाजूला सारलं. विचारलं, “कामून काढली?”

लांबी वाढली होती, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण मी म्हणालो, “मला वाटलं, तुम्ही त्यात स्वतःचं घरचं लिहिलंय.”

“माझंच व्हतं ते,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर बराबर व्हतं, सायेब. ज्याला टाकलंय, त्यालाच ठावं असतंय, टाकून दे म्हणजे काय काय हुतंय ते.”

त्या पुढे म्हणाल्या, “त्या वालूरच्या भावाची माफी म्या मागितली. ती तुमची व्हती. ती त्याला जाऊन मागा.” जाईन, म्हणालो. “आन् हे जे मला सांगितलंत, ते लिहा. माझं नाव नको. तुमचं लिहा. लिव्हून ठेवा.” ‘ठेवा’वर त्यांनी जोर दिला, पूर्वीसारखा. क्षणभर मला माडीवरच्या बाई दिसल्या.

वालूरला मी जाऊन आलो. तिथे काय झालं ते माझ्यापाशीच राहू दे. त्यानं निळं कापड अजून जपून ठेवलंय, एवढं सांगतो. आणि हे लिहिलं.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. मी उठलो, तेव्हा त्या थांबा म्हणाल्या नाहीत. चहाचंही कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. “या आता,” एवढंच म्हणाल्या. मग ओट्यावरून आत वळल्या आणि भावजयीला म्हणाल्या, “चाव्या आण माझ्या.” दार लोटलं गेलं. आतून कडी वाजली.

मी रस्त्यावर उभा राहिलो. त्या परत येऊन ओढून पाहतील, म्हणून उगाच थांबलो. देवळाकडून येणारी माणसं माझ्याकडे पाहत पाहत गेली.

कडी पुन्हा वाजली नाही.